हाडाची रेघ

आमच्या घरात बायकांचे दात चाळिशीला जायचे. केस पिकतात, चष्मा लागतो, तसंच हे एक, असं सगळे धरून चालायचे. थोरल्या मावशीनं बेचाळिसाव्या वर्षी कवळी लावली. आत्याला कवळी बसेना, म्हणून ती भाकरी कालवणात कुस्करून, बोटांनी दाबून दाबून मऊ करून गिळायची. आईचा नंबर लागला तेव्हा ती चव्वेचाळीस वर्षांची होती.

आम्ही मूळचे मेंढरांमागं फिरणारे. माझ्या जन्माच्या थोडं आधी आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मेंढरं विकली आणि केडगावच्या पलीकडं वाट्याला आलेल्या जमिनीत कांदा आणि झेंडू करायला लागले. घरात खाण्यापिण्याची ओढाताण असायची, पण आईची ओढाताण वेगळीच होती. ताटात असायचं आणि तिला चावता यायचं नाही. हुरड्याच्या दिवसांत ती सगळ्यांना कणसं भाजून द्यायची, चोळून दाणे हातावर ठेवायची, आणि स्वतःचा वाटा पाट्यावर भरडून घ्यायची. शेंगदाणे, पेरू, ऊस तिनं एकेक करून सोडले. हसताना पदर तोंडाशी जायचा. मी हे लहानपणापासून बघत होते आणि असं का होतं हे एकदाही विचारलं नव्हतं.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी सांगते तेव्हा मान वर करूनच सांगते. बी.एस्सी. झाले, रांजणगावच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात लागले आणि कारेगावात खोली घेऊन राहू लागले. दिवसभर यंत्राच्या सुट्या भागांची मापं घ्यायची, मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याचा फरक पकडायचा आणि शिक्का मारायचा, हे माझं काम. कारखान्यात माझ्या मापावर कुणी शंका घेत नसे. आणि तिकडं घरी आईचे दात हलत होते.

एका रविवारी फोनवर ती म्हणाली, "दोन दात पार हलाया लागल्यात. बाकीच्यांचं बी काय खरं न्हाई. सगळंच काढून टाकू एकदाच. मावशीवानी कवळी बसवू. रोजची कटकट नको."

कारखान्यातल्या एका बाईनं दौंडच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं, पण तक्रार म्हणून. "स्टेशनजवळ एक मॅडम आहेत, पण त्यांच्याकडं जाऊ नकोस. दात लवकर काढतच नाहीत. नुसते फोटो दाखवत बसतात." मला काय वाटलं कोण जाणे, मी नेमकं तिथंच जायचं ठरवलं.

डॉक्टर सुमती टेमगिरे. राहणाऱ्या शिरूरच्या. सकाळी शिरूरात दवाखाना आणि आठवड्यातले तीन दिवस दुपारनंतर दौंडला. वय पंचावन्नच्या आसपास, बुटक्या, केस मानेवर कापलेले, मनगटावर पुरुषी घड्याळ. दौंडचा दवाखाना म्हणजे दोन खोल्या. आतल्या खोलीत दातांची खुर्ची, आणि एक गोष्ट मी दुसऱ्या कुठल्याही दवाखान्यात पाहिलेली नाही. कॉम्प्युटरचा पडदा डॉक्टरांच्या टेबलाकडं नव्हता, पेशंटच्या तोंडासमोर होता. त्यांना स्वतःला बघायचं असलं की त्या खुर्चीच्या मागं येऊन पेशंटच्या खांद्यावरून वाकून बघायच्या.

आई बसली आणि लगेच म्हणाली, "बाई, सगळं काढा."

"काढू की," मॅडम म्हणाल्या. "आधी बघू तरी काय काढतोय ते."

त्यांनी वायर लावलेली एक लहान काळी चकती आईच्या तोंडात ठेवली. तो एक्स-रेचा सेन्सर. फिल्म धुवायची गरज नाही, बटण दाबलं की चित्र थेट पडद्यावर. पण चकती टाळूला लागली आणि आईला उमासा आला. मॅडम म्हणाल्या, "नाकानं श्वास घ्या आणि उजव्या पायाचा अंगठा हलवत राहा."

आईनं चकती बाहेर काढून विचारलं, "अंगठ्याचा आन् दाताचा काय संबंध?"

"तेच शोधा. हलवा बरं."

मॅडमनी चकती परत आत ठेवली. आई अंगठा हलवत विचार करत राहिली, तेवढ्यात मॅडमनी फोटो काढलाही. "काही संबंध नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही शोधत होतात तोवर माझं काम झालं." आई पदराआड हसली. मीही हसले.

मग ती गोष्ट झाली जिच्यामुळं लोक या बाईंची तक्रार करत. पडद्यावर करडं-पांढरं चित्र आलं आणि मॅडम एक अक्षर बोलल्या नाहीत. स्टूल ओढून आईच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "सांगा, काय दिसतं?"

"आमाला काय कळतंय बाई? तुमीच सांगा."

"दात तुमचे, तोंड तुमचं. मी कशी सांगू? बघा निवांत. मला घाई नाही."

आईनं खूप वेळ पाहिलं. मला अवघडल्यासारखं झालं. मी सांगायला पुढं झाले, तर मॅडमनी माझ्याकडं न बघताच हात वर केला. शेवटी आई म्हणाली, "ह्यो दात व्हय? दात तर धड हाय. कीड न्हाई कुठं. मेख चांगली हाय, पर भवतालची माती गेलीया."

मॅडमनी विचारलं, "मेख कसली?"

आईनं सांगितलं. मेंढरं रानात बसवायची तर भोवती जाळं लावतात, त्याला वाघर म्हणतात. वाघर मेखांना बांधलेली असते. पाऊस होऊन मेखेच्या बुडाची माती धुपली की मेख हलते. मेखेला काहीच झालेलं नसतं. "नवी मेख ठोकली तरी काय उपेग? माती न्हाई तर ती बी हलनार."

मॅडम उठून उभ्याच राहिल्या. "परत म्हणा." आईनं परत म्हटलं. मॅडम माझ्याकडं वळून म्हणाल्या, "गेल्या आठवड्यात रेल्वेचे एक ट्रॅकमन बसले होते इथं. ते म्हणाले, रूळ चांगलाय, खालची खडी गेलीय. मी कॉलेजात हे पाच वर्षं शिकले आणि मला इतकं नीट सांगता येत नाही." पुढं कित्येक पेशंटना मी त्यांना सांगताना ऐकलं, 'केडगावच्या अंजनाबाई म्हणतात तसं, मेख चांगली आहे.' आईचं नाव त्या दरवेळी घ्यायच्या.

मग त्यांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. दाताचं पांढरं कवच जिथं संपतं, त्याच्या जरा खाली हाडाची कड असायला हवी. निरोगी तोंडात एक-दोन मिलिमीटर खाली. त्या कडेला त्या 'हाडाची रेघ' म्हणत. आईची रेघ कितीतरी खाली उतरली होती. काही दातांची अर्धी मुळं उघडी पडली होती. हिरडीचा आजार दुखत नाही, म्हणून कुणाला कळत नाही. हिरडी वरून झाकून असते, आत हाड झिजत जातं आणि दात हलायला लागला की माणसाला वाटतं दात खराब झाला.

"एकूण पंचवीस दात आहेत," मॅडम म्हणाल्या. "दोन जाणार. ते मी काढते. उरले तेवीस. ते राखायचे का घालवायचे, हे निम्मं माझ्या हातात आणि निम्मं तुमच्या. सगळे काढून कवळी हवी असेल तर तीही बसवून देईन, पण बघून ठरवा. न बघता नको."

आई माझ्याकडं बघत म्हणाली, "ऱ्हात्यात म्हन्त्यात तर ऱ्हाऊ दे."

एवढ्यावर मला वाटलं काम झालं, फोटोत सगळं कळलं. मॅडमनी ट्रेमधून खुणा कोरलेली एक बारीक सळई उचलली आणि माझ्या हातात कागद दिला. "काय करता तुम्ही? क्वालिटी? मग लिहा. मी आकडे सांगते." प्रत्येक दाताच्या भोवती सहा ठिकाणी सळई हलकेच हिरडीत घालून त्या खोली मोजत गेल्या. "तीन. चार. सात, रक्त. पाच, रक्त." मी लिहीत गेले. फोटोत दिसतंय तर हे कशाला, असं मी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "फोटो कालचा, सळई आजची." म्हणजे फोटो सांगतो की आजवर किती हाड गेलं. आत्ता आग चालू आहे का विझलीय, ते तो सांगत नाही. शिवाय फोटोत दाताच्या दोन बाजूंची फटच दिसते, पुढची-मागची भिंत दाताआड झाकून जाते. "फोटोवर विश्वास ठेवायचा," त्या म्हणायच्या, "पण एकट्या फोटोवर नाही."

त्यांच्याकडं एक कपाट होतं, साबणाच्या प्लास्टिक डब्यांनी भरलेलं. प्रत्येक डबीवर चिकटपट्टीवर नाव. सेन्सर तोंडात धरायची एक पकड असते. त्या पकडीवर मॅडम मऊ लगदा लावून पेशंटला चावायला लावत. लगदा घट्ट झाला की त्यात त्या माणसाच्या दातांचे ठसे कायमचे उमटत. पुढच्या वेळी त्याच ठशात दात बसवून चावलं की पकड तिथंच, सेन्सर तिथंच, किरणं त्याच कोनातून. ही पद्धत कुणी त्यांच्यावर लादलेली नव्हती. त्यांनीच लावून घेतलेली. पेशंट थट्टा करायचे, "मॅडम, माझा चावा जपून ठेवा बरं का." आईचाही चावा डबीत गेला. मला वाटलं, एवढ्यासाठी एवढा खटाटोप?

मग सफाई सुरू झाली, मुळापर्यंतची. चार खेपा. पहिल्याच खेपेला आईनं शंका काढली, "साफ केलं की दात ढिलं हुत्यात म्हन्त्यात."

"होतात की," मॅडम म्हणाल्या. "दातांवर दगड साठलाय, त्यानं एकमेकांना धरून ठेवलंय. दगड काढला की खरं काय ते कळतं. खरं कळू द्यायचं नसेल तर ठेवते दगड."

"काढा," आई म्हणाली.

खरी अडचण वेगळीच होती आणि ती आई सांगत नव्हती. मिश्री. आमच्याकडं तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजून, कुटून, ती पूड बायका सकाळी दातांना आणि हिरड्यांना लावून बसतात. आई तेरा वर्षांची असल्यापासून लावत होती. मॅडमना डागांवरून पहिल्या दिवशीच कळलं असणार. दुसऱ्या खेपेला त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "सोडली कवाच." आम्ही तिघीही जाणून होतो की हे खोटं आहे.

मला वाटलं आता ओरडणार. माझ्या ओळखीच्या सगळ्या शिकलेल्या लोकांनी आईला मिश्रीवरून झापलेलं होतं, त्यात मीही आले. मॅडमनी तोंडावरचा मास्क खाली केला आणि विचारलं, "नेमकं काय होतं हो मिश्री लावल्यावर? मी कधी लावली नाही. सांगा तरी."

"काय हुतंय? काय न्हाई. डोकं जरा हलकं वाटतंय."

"आणि?"

"पोट साफ हुतंय."

"आणि?"

आई खाली बघत म्हणाली, "मिशरी लावली का कुनी काम सांगत न्हाई."

मी त्या घरात वाढले होते. पहाटे आई चुलीजवळच्या उंबऱ्यावर तोंडात बोट घालून बसलेली असायची आणि आप्पा, आजोबा, आम्ही पोरं, सगळे तिच्याभोवतीनं जायचो. तोंड भरलेलं, तिला बोलता येणार नाही, हे सगळ्यांना माहीत. ती दहा-पंधरा मिनिटं तिची होती. उरलेला दिवस दुसऱ्यांचा. मला हे बावीस वर्षांत कळलं नव्हतं, या बाईंनी तीन प्रश्नांत काढलं.

मॅडम म्हणाल्या, "मग बसायचं सोडू नका. त्याच उंबऱ्यावर, त्याच वेळेला, तेवढाच वेळ बसा. फक्त मिश्रीच्या जागी ब्रश. तोंडात फेस असला तरी कुणी काम सांगत नाही. आणि दातांच्या फटीत घालायचे हे बारीक ब्रश, ते एकेक फट करत करायचे. घाई केलीत तर रागवेन. पंधरा मिनिटांच्या आत उठायचंच नाही. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणायचं."

"इस मिंटं बसू का?" आईनं विचारलं.

"पंचवीस बसा."

घरी पहिल्या आठवड्यात आप्पा म्हणाले, "काय डोंगुर घासती का काय?" आईनं फेस भरल्या तोंडानं नुसतं बोट वर केलं. आप्पा गुमान स्वतः चहा टाकायला गेले. सहा महिन्यांत हिरडीतून रक्त यायचं जवळजवळ थांबलं. आकडे मीच लिहीत होते, म्हणून मला पक्कं ठाऊक आहे. साताचे पाच झाले, पाचाचे तीन.

आणि मग मी घोळ घातला.

त्या महिन्यात कारखान्यात ऑडिट होतं, रजा नव्हती. आई चार दिवस कारेगावला माझ्याकडं आली होती. दाढेत काहीतरी अडकून दुखायला लागलं, म्हणून मी तिला जवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी अडकलेलं काढलं, दाढेचा फोटो काढला आणि तो माझ्या फोनवर पाठवला. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये जेवताना मी तो फोटो उघडला. दौंडचा जुना फोटो फोनमध्ये होताच. दोन्ही सारख्या आकाराचे केले, पट्टी लावली. हाडाची रेघ चांगली दीड-दोन मिलिमीटर वर आलेली! मी पुन्हा मोजलं. तेच. मी तिथूनच आईला फोन लावला, "आई, हाड भरलं! नवीन हाड आलं!"

आईनं गावाकडं गेल्यावर अर्ध्या वस्तीला सांगितलं. माझी पोरगी कंपनीत मापं घेती, तिनं मोजलंय. आणि माती भरलीच आहे म्हटल्यावर तिनं मिश्री भाजायला पुन्हा तवा चुलीवर ठेवला.

तीन महिन्यांनी आम्ही दौंडला गेलो. मॅडमनी सळई लावली आणि आकडे सांगायला सुरुवात केली. "चार, रक्त. सहा, रक्त." त्यांचा आवाज हळू होत गेला. "आठ." मी लिहायची थांबले. म्हटलं, "मॅडम, असं कसं? हाड तर भरलंय. माझ्याकडं फोटो आहे."

"हिनंच सांगितलं भरलं म्हनून," आई म्हणाली. तिनं मान खाली घातली आणि मिश्रीचंही सांगून टाकलं.

मॅडमनी माझा फोन घेतला, तो फोटो पडद्यावर आणला, शेजारी आपला जुना लावला. मग मला खुर्चीसमोर उभं केलं. "आता तू सांग. काय दिसतं?"

"हाड वर आलंय."

"हाड सोड. दाढ मोज. टोकापासून मुळाच्या बुडापर्यंत."

मी मोजली. नव्या फोटोत दाढ आखूड होती. पुन्हा मोजली. आखूडच.

"का गं, आईची दाढ पंचेचाळिसाव्या वर्षी आखूड व्हायला लागली?" मॅडम म्हणाल्या. त्यांनी खुर्चीवरचा दिवा खाली ओढला आणि टेबलावर स्वतःचं बोट उभं धरलं. सावली लांब पडली. दिवा वर उचलला, तशी सावली आखूड झाली. "बोट तेवढंच आहे ना? त्या फोटोत किरणांचा कोन वेगळा होता. दाढ दबली, हाड वर सरकल्यासारखं दिसलं. आत काहीच बदललं नाही, फोटो बदलला." थांबून त्यांनी विचारलं, "काय क्यूसी, तुमच्या कंपनीत पार्ट वाकडा धरून माप घेतात का?"

कारखान्यात एखाद्या नव्या पोरीनं असं केलं असतं तर मी तिला सगळ्यांसमोर सुनावलं असतं. मी कसंबसं म्हटलं, "त्या डॉक्टरांनी नीट काढायला नको का?"

"त्यांनी नीटच काढला. त्यांना दाढेत काय अडकलंय, कीड आहे का, ते बघायचं होतं. ते त्यात स्वच्छ दिसतं. हाडाची तुलना करायला त्यांनी काढलाच नव्हता. ते तू केलंस."

त्या दिवशी ती दाढ गेली. खालच्या बाजूची, मागून दुसरी. मी मॅडमना विचारलं की मी फोन केला नसता तर ती राहिली असती का. त्या खोटं बोलून माझं समाधान करू शकल्या असत्या. त्या म्हणाल्या, "ती काठावर होती. कदाचित तशीही गेली असती. पण आता आपल्याला ते कधीच कळणार नाही, आणि मला त्याचंच वाईट वाटतंय."

तोंडात बोळा धरून आई स्टेशनवर बसली होती. मी रडायला लागले तशी ती बोळ्यातूनच म्हणाली, "गप गं. शिकवायला तुला एवढं केलं, त्यात आनी एक दात. लेकीच्या नावानं गेला म्हनायचं." दुसऱ्या दिवशी तिनं मिश्रीचा डबा स्वतःच्या हातानं उकिरड्यात ओतला आणि ब्रश घेऊन उंबऱ्यावर बसली. मी तिला एका शब्दानंही सांगितलं नव्हतं.

त्यानंतर वर्षभरानं मॅडमनी आईचा चावा कपाटातून काढला, पकडीवर बसवला आणि फोटो घेतला. आई अंगठा न हलवता बसली. दोन फोटो शेजारी शेजारी लागले. मी आधी दाताची लांबी मोजली. सारखी. मग रेघ मोजली.

"आहे तिथंच आहे," मी जरा हिरमुसून म्हणाले. "म्हणजे वाढलं नाहीच."

मॅडमना मी एवढं खूश कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी बाहेर बसलेल्या पेशंटला आत बोलावलं, "या, या, बघा, काहीही झालेलं नाही!" तो बिचारा गोंधळून दोन्ही फोटो बघत राहिला. मग मला म्हणाल्या, "हाड गेलं की बहुतेक परत येत नाही बाई. ते जायचं थांबलं, यासाठीच सगळा खटाटोप. आणि न झालेली गोष्ट फोटोत पकडायला वर्षभर थांबावं लागतं."

कारखान्यात आता कुणी माझ्याकडं आकडा घेऊन आलं की आकडा बघण्याआधी मी विचारते, पार्ट कसा धरला होतास. पोरी मागं माझी नक्कल करतात, ते मला माहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही गेलो तेव्हा मॅडम सळई घेऊन बसल्या आणि मध्येच थांबल्या. सळई खाली ठेवली. स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत राहिल्या, जसं एखाद्याच्या फोटोकडं बघायच्या तसं. "परवा एका पेशंटच्या एकाच दाताला मी दोनदा सळई लावली," त्या म्हणाल्या. "एकदा चार आले, एकदा सहा. दात तोच, हिरडी तीच. म्हणजे फरक माझ्यात आहे." बोटांना बारीक कंप सुटला होता. लक्षात न येण्याइतका. मी म्हटलं, "मॅडम, एवढं कुणाला कळतंय?"

"मला कळलं ना."

आईनं पुढं होऊन तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. म्हणाली, "बाई, लई हात चालला तुमचा. आता बसा जरा उंबऱ्यावर." मॅडम हसल्या. त्या महिन्यात त्यांनी दौंडचा दवाखाना एका तरुण डॉक्टरांकडं सोपवला. त्यांना पहिले पंधरा दिवस शेजारी बसवून, कपाटातली एकेक डबी उघडून तिच्यामागचा माणूस सांगितला म्हणे.

मॅडम गेल्या उन्हाळ्यात शिरूरला वारल्या. झोपेत. आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. आई आणि मी भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या ओसरीवर बसायला जागा नव्हती. रेल्वेतले लोक होते, कांद्याचे व्यापारी होते, कारेगावातले बिहारचे दोन कामगार होते. सगळे हळू आवाजात एकमेकांना आपापल्या दातांचं सांगत होते.

त्यानंतर दोन महिन्यांनी नव्या डॉक्टरांनी आईचा फोटो काढला. हा सहावा. मागच्या पाचांशेजारी लावला, दाताची लांबी ताडून पाहिली, मग हाडाची रेघ मोजली. सहाही फोटोंत ती एकाच जागी आहे. आईला आता पन्नास पूर्ण झाली. तिच्या तोंडात बावीस दात आहेत, सगळे तिचे स्वतःचे.